शिल्लक कुणी बदलली?

तुम्ही सगळे जावा शिकलेले आहात, तेव्हा प्रायव्हेट म्हणजे काय यात वेळ घालवत नाही. क्लासचा इंटरफेस कसा ठरवावा, म्हणजे कोडच्या त्या तुकड्याने बाहेरच्या कोडला कोणत्या मेथड, कोणती कामं, करू द्यावीत, हा आजचा विषय. पण आधी एका 31 मार्चची गोष्ट सांगतो, कारण माझं सगळं मत त्या रात्री बनलं.

एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही लिहिलं होतं. रात्रीचे साडेदहा वाजले तरी ताळा जुळेना. फरक 500 रुपयांचा. कॅशियरबाई पावतीपुस्तक उघडून माझ्या खुर्चीमागे उभ्या. पावतीची स्थळप्रत होती, पैसे पेटीत होते, खात्यावर मात्र नव्हते. त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब, मी जमा केलेत." पहाटे उलगडा झाला. संध्याकाळी काउंटर चालू असतानाच आम्ही व्याजाचा प्रोग्राम सोडला होता. तो गेटबॅलन्सने शिल्लक वाचायचा, व्याज मिळवायचा, सेटबॅलन्सने परत लिहायचा. या दोन्हींच्या मधे बाईंचे 500 जमा झाले आणि जुन्या शिलकीवर काढलेला आकडा नव्या शिलकीच्या जागी लिहिला गेला.

आता बघा, शिल्लक प्रायव्हेटच होती, बाहेरच्या कोडला थेट हात लावता येत नव्हता! परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले असते. पण सेटबॅलन्स पब्लिक होतं, सगळ्यांना खुलं, म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली बाहेरच्या खुंटीला. शोधलं तर 17 ठिकाणांहून शिल्लक लिहिली जात होती.

ही सवय आली कुठून? 1997 च्या जावाबीन्स स्पेसिफिकेशनने, म्हणजे जावातले तयार सुटे भाग कसे लिहावेत याच्या नियमावलीने, गेट-सेट नावांचा संकेत घालून दिला. फॉर्म जुळवणाऱ्या टूलला बटणाचा रंग, रुंदी नावावरून ओळखता यावी म्हणून. बटणासाठी ते योग्यच होतं. आपण ते बँकेच्या खात्याला लावलं. त्याच्या कितीतरी आधी, 1972 च्या एका निबंधात, संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी मांडलं होतं की जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, तो एकेका मॉड्यूलच्या, प्रोग्रामच्या स्वतंत्र भागाच्या, पोटात लपवा. तो निबंध जरूर वाचा, आजही ताजा वाटतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मग मुख्य मुद्दे भराभर सांगतो.

नुसता गेटर, म्हणजे फक्त वाचायला देणारी मेथड, तीही घात करते. जावातला जुना डेट क्लास बदलता येतो. तुम्ही सेटर दिला नाही, पण गेटरमधून तोच ऑब्जेक्ट बाहेर दिला, तर कुणीही त्यावर सेटमंथ करून तुमची तारीख आतून फिरवतो. म्हणून प्रत द्या, किंवा 2014 च्या जावा 8 मधला लोकलडेट वापरा, तो बदलतच नाही. याद्यांचंही तेच.

दुसरं, आयफेल या प्रोग्रामिंग भाषेचे जनक बर्ट्रांड मेयर यांचं तत्त्व: माहिती साठवलेली आहे की त्या वेळी मोजली जाते, हे वापरणाऱ्याला कळायची गरज नसावी. पायथन भाषेत साध्या फील्डची पुढे प्रॉपर्टी करता येते, म्हणजे वापरणाऱ्यांचा कोड न बदलता मागे मेथड बसवता येते. जावात ती सोय नाही, म्हणून तिथे पहिल्या दिवशीच जपून ठरवावं लागतं.

आणि तिसरं. आम्ही सेटबॅलन्स काढून टाकलं. कंपायलरने सतराही जागा दाखवल्या. एकेक तपासली, तर सगळ्या चारच कामांत बसल्या: जमा, नावे, व्याज, उलट नोंद. त्या चार मेथड झाल्या, लॉक (एका वेळी एकालाच शिल्लक बदलू देणारं) आणि नोंदवहीची ओळ त्यांच्या आत गेली. हे चारही शब्द कॅशियरबाईंनी आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितले होते. माझ्या वहीत ते लिहिलेलेही होते.