दोन दारं, दोन कामगार

श्रोतेहो, नमस्कार.

अक्कलकोट रस्त्याच्या बाजूच्या वस्त्यांमधून दुपारी फिरलात, तर बहुतेक दारांत कुणीतरी काम करताना दिसेल. एका दारात बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असते. शेजारच्या दारात तिचीच धाकटी जाऊ टॉवेलांच्या कडा शिवत असते. दोघी घरूनच काम करतात, दोघींना नगावर पैसे मिळतात. वीज, जागा, पाणी सगळं दोघींचं स्वतःचं. सोलापुरातली विषमता म्हटलं की लोक बंगले आणि झोपड्या दाखवतात. मला मात्र या दोन दारांमधला फरक आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

आधी विडी वळणाऱ्या अक्कांकडे जाऊ. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या पोत्यात ठेवायची. सकाळी पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून त्याच्या मापाने कात्रीने कापायचं. चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोऱ्याची गाठ, टोक दुमडलं की एक विडी. अशा हजार झाल्या की त्यांचा दर मिळतो. कागदावर दर ठरलेला असतो, पण हातात येणारा पैसा ठरतो तो कारखान्याच्या खिडकीवर. पान भिकार निघालं तर हजार पुरे होत नाहीत, मग अक्का बाजारातून पदरच्या पैशाने पान आणते. तपासणारा काही विड्या बाद करतो. समजा पन्नास बाद झाल्या, तर हजाराच्या पैशात तिने साडेदहाशे वळल्या. खराब पानाचा तोटा मालकाचा असायला हवा, तो तिच्या पदरात पडतो. याबद्दल मला फार चीड येते, कारण दरवाढीच्या चर्चेत या गळतीचा हिशेब कुणीच करत नाही.

तरीही या अक्कांच्या पाठीशी काहीतरी आहे. 1966 साली विडी आणि सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला आणि घरी बसून वळणारी बाई त्यात कामगार म्हणून धरली गेली. 1976 मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा आला. ‘या बायका आमच्या नोकर नाहीत, घरीच तर काम करतात,’ असं म्हणत मालक भविष्यनिर्वाह निधीविरुद्ध, म्हणजे पीएफविरुद्ध, थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते. 1985 मध्ये न्यायालयाने सांगितलं, काम घरी होत असलं तरी ती कामगारच आहे. माल द्यायचा, तो तपासायचा आणि नाकारायचा अधिकार ज्याच्याकडे आहे, तो तिचा मालक. म्हणून आज अक्कांकडे ओळखपत्र आहे, पीएफचा नंबर आहे, पुढे पेन्शन आहे. आता ही पेन्शन किती? 2014 पासून किमान 1000 रुपये. या रकमेत महिन्याचं रेशन आणि औषध बसवून दाखवावं, असं मला ती ठरवणाऱ्यांना सांगावंसं वाटतं.

आता शेजारच्या दारात या. धाकटी जाऊ टॉवेल शिवते, हंगामात शाळेचे गणवेशही शिवते. माल आणून देणारा माणूस गल्लीतलाच, ओळखीचा. तो कुणाकडून आणतो हे तिला ठाऊक नसतं. दर तोंडी, हिशेब त्याच्या वहीत. मशिन तिचं, सुई मोडली तर तिची, डाग पडला तर पैसे तिचेच कापणार. न्यायालयाने जी कसोटी लावली ती तिला तंतोतंत लागू पडते. तिचाही माल कुणीतरी तपासतो, कुणीतरी नाकारतो. पण तिच्या हातात चिठ्ठीचा कपटासुद्धा नाही, मग मालक म्हणून बोट दाखवायचं कुणाकडे?

विडीचं काम कमी होत चाललंय. दिवसभर तंबाखूचा खकाणा नाकातोंडात जातो, म्हणून तरुण मुलींना ते नकोच आहे, आणि ते बरोबरच आहे. पण सासूचं काम सोडून सुनेने शिवण धरलं की घरात दोन पिढ्यांनी मिळवलेले हक्कही तिथेच सुटतात. काम बदललं म्हणून बाईचं कामगारपण संपावं, हे मला अजिबात मान्य नाही.

यंत्रमागावरच्या पुरुषाचीही गत फार निराळी नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, विणणाऱ्याला मात्र मीटरवर किंवा नगावरच पैसे. वीज गेली, सूत तुटलं, बीम म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ संपला, की त्याचा दिवस खाडा. पीएफचा कायदा वीस कामगारांपासून लागू होतो, आणि एकाच छपराखाली दोन-तीन नावांच्या फर्मा दिसतात त्या उगाच नव्हेत, प्रत्येकीत आकडा वीसच्या खाली राहतो. सुताचे भाव, विजेचं बिल, पानिपतचा स्वस्त माल यांनी छोटा कारखानदार जेरीला आलाय, हे खरं आहे. पण त्या ओढाताणीचा शेवटचा पिळा दरवेळी मजुरीलाच का बसावा?

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रमसंहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार कायदे, लागू झाले. घरून काम करणाऱ्यांची व्याख्या त्यांत आहे, पण गणना असंघटित कामगारांत. म्हणजे नोंदणी करा आणि सरकारी योजनेची वाट बघा. माल देणाऱ्याने पीएफचा वाटा भरायचा, ही विडी कामगारांनी मिळवलेली गोष्ट शिलाईवालीच्या वाट्याला त्यातून येत नाही.

म्हणून मागणी अगदी साधी ठेवा. माल घेताना नग, दर, तारीख आणि देणाऱ्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी हवी. बाद झालेला नग समोर दाखवून कारण सांगायला हवं. विडी वळणाऱ्यांसाठी पान आणि तंबाखू डोळ्यांसमोर वजन करून मिळायला हवी. एकटी बाई चिठ्ठी मागायला गेली तर दुसऱ्या दिवसापासून तिचा माल बंद होईल, हे मला माहीत आहे. पण गल्लीतल्या सगळ्या जणी मिळून गेल्या तर हंगामात माल देणारा गणवेश कुणाकडून शिवून घेणार? सोलापूरजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली, ती वर्षानुवर्षं मोर्चे काढून. त्या मोर्चांतल्या कितीतरी अक्का आजही तुमच्याच गल्लीत राहतात. शिवणकाम करणाऱ्या मुलींनो, एका संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसा आणि सुरुवात कशी केली होती ते विचारा.

नमस्कार.