गंबेलाच्या जमिनीचा दाखला कुणाकडे?

मित्रहो, आफ्रिकेत एखाद्या मळ्यावरून रक्त सांडलं, की आपल्यापर्यंत येणारी बातमी बहुधा एकाच साच्याची असते: अमुक जमात आणि तमुक जमात यांचं जुनं वैर उफाळून आलं. हे वाक्य किती काय झाकतं, ते मला आज सांगायचं आहे. त्यासाठी मी एकच प्रदेश घेतला आहे. इथिओपियाच्या पश्चिम टोकाला, दक्षिण सुदानच्या सीमेला लागून असलेला गंबेला. त्यात आपलाही हात आहे. तिथला सगळ्यात मोठा भाडेपट्टा बंगळुरूच्या करुतुरी ग्लोबल या कंपनीने घेतला होता आणि तिचे शेअर मुंबईच्या बाजारात विकले-घेतले जात होते.

२०१० मध्ये इथिओपियाच्या केंद्र सरकारशी झालेला हा करार एक लाख हेक्टरचा, पन्नास वर्षांचा. भाडं हेक्टरी वर्षाला २० बिर्र, म्हणजे तेव्हाच्या भावाने सव्वा डॉलरच्या आसपास. करारात सरकारने दोन गोष्टी कबूल केल्या: जमीन मोकळी करून ताब्यात देऊ, आणि दंगाधोपा झालाच तर कंपनीने मागताच संरक्षण देऊ. ही दोन कलमं एकापाठोपाठ वाचा. जमीन खरोखरच कुणाची नसती, तर दंग्याची तजवीज कशाला करावी लागली असती?

तिथे माणसं होती. बारो नदीच्या काठाने अनुआक लोकांची गावं आहेत. पूर ओसरला की गाळात मका आणि ज्वारी पेरायची, नदीत मासे धरायचे, काही वर्षं कसलेली जमीन मग पडीक ठेवायची, ही त्यांची रीत. नुएर लोक गुरं पाळतात. पावसाळ्यात उंचवट्यावर राहतात आणि उन्हाळ्यात कळप घेऊन नदीकाठी उतरतात. पूर्वेकडच्या गोदेरेच्या जंगलात मजांग लोक झाडांवर पोळी बांधून मध काढतात. नकाशावर बोट ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला यातलं काय दिसणार? पडीक टाकलेलं शेत, गुरं परतून गेल्यावरचं कुरण, कुंपण नसलेलं जंगल. तो लिहितो, 'रिकामी'.

आता कायदा काय म्हणतो? १९७५ साली दर्ग या लष्करी राजवटीने ग्रामीण जमीन सरकारजमा केली. १९९५ च्या राज्यघटनेचं चाळिसावं कलम सांगतं की जमीन राज्यसंस्थेची आणि इथिओपियातल्या 'लोकसमूहांची' आहे. पशुपालकांना त्यांच्या जमिनीवरून हटवता येणार नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे. पुढे तिग्राय, अम्हारा, ओरोमिया अशा डोंगराळ प्रांतांत लाखो शेतकऱ्यांना वहिवाटीचे दाखले मिळाले. भाडेपट्टे झाले तोवर गंबेलात ते काम झालंच नव्हतं. फिरती शेती आणि फिरती गुरं यांची मोजणी तुकड्या-तुकड्यांनी कशी करणार?

मग बारोकाठच्या अनुआक शेतकऱ्याने आपला हक्क कशावर सांगायचा? माझ्या पूर्वजांचं गाव इथे आहे, त्यांना इथेच पुरलं, आमचा गावप्रमुख या काठाचा आहे, एवढंच त्याच्यापाशी आहे. आपल्याकडे सातबारा जे काम करतो, ते काम तिथे जमातीची ओळख करते. जमातीशी असलेल्या निष्ठेला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. दुसरा कुठलाही कागद त्या माणसाच्या हाती कुणी दिलेला नाही.

पण ही निष्ठा निर्मळ आहे, असंही मी म्हणणार नाही. जमीन 'लोकसमूहांची' म्हटली की इथला खरा समूह कोणता, हा झगडा सुरू होतो. १९९४ च्या जनगणनेत नुएर ४० टक्के निघाले, अनुआक २७ टक्के, आणि प्रांतातली सत्ता तोवर अनुआकांकडे होती. त्यातच १९८४-८५ च्या दुष्काळानंतर सरकारने डोंगराळ भागातून हजारो कुटुंबं आणून इथे वसवली होती. १३ डिसेंबर २००३ ला गंबेला शहराबाहेर या डोंगराळ भागातल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर दबा धरून हल्ला झाला. त्यानंतर जमाव आणि सैनिक अनुआक वस्त्यांवर तुटून पडले. मानवी हक्क संघटनांच्या गणतीनुसार चारशेहून अधिक अनुआक मारले गेले. जमिनीचे भाडेपट्टे आले ते या जखमेवर.

आणि एक गोष्ट त्या साच्यातल्या बातमीत कधी बसत नाही. करार झाले तेव्हा प्रांताचे अध्यक्ष होते ओमोद ओबांग, स्वतः अनुआक. त्यांच्याच काळात, २०१० पासून, तीन वर्षांत ४५ हजार कुटुंबं नव्या गावांत हलवण्याची योजना राबवली गेली. सरकार म्हणालं, शाळा, पाणी, दवाखाना मिळेल, आणि सगळं राजीखुशीने होईल. लोकांनी तपास करणाऱ्यांना सांगितलं ते वेगळं: सैनिकांचा धाक, मारहाण, आणि नव्या जागी पाण्याचा, दवाखान्याचा पत्ता नाही. हे जमातींचं भांडण असेल, तर अनुआक अध्यक्षाने अनुआक गावं का हलवली? कारण त्यांची खुर्ची राजधानी अदिस अबाबातल्या केंद्र सरकारच्या मर्जीवर होती, गावाच्या नाही.

जंगलातल्या मजांग लोकांनी तर रीतसर अर्ज-विनंत्या केल्या. वेर्दांता हार्वेस्ट्स या भारतीय कंपनीला चहासाठी तीन हजार हेक्टर जंगल मिळालं होतं. देशाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गिर्मा वोल्दे-गियोर्गिस यांनीही मजांगांची बाजू घेतली. तरी झाडं पडली. सनदशीर वाट अशी बंद झाली, की बंदूकवाल्यांना माणसं मिळतात. एप्रिल २०१२ मध्ये गंबेलातच भातशेतीसाठी जमीन घेतलेल्या सौदी स्टार कंपनीच्या तळावर हल्ला झाला, किमान पाच कामगार मेले. पोटासाठी आलेल्या माणसांना मारणं मला कोणत्याही कारणाने मान्य नाही. मग सैनिक आले आणि हल्ल्याशी संबंध नसलेल्या गावकऱ्यांना भोगावं लागलं.

करुतुरीचं काय झालं? २०११ मध्ये बारोला पूर आला आणि उभा मका बुडाला. ती पुराची जमीन होती. काठावरच्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. २०१५ च्या अखेरीस सरकारने करार रद्द केला. लाखातले जेमतेम १,२०० हेक्टर लागवडीखाली आले, असं कारण दिलं. जमीन परत गेली ती सरकारच्या खात्यात. तिथून उठलेल्या गावांच्या नावावर ती कुणी चढवली नाही.

वाट नाही असं नाही. लायबेरियाने २०१८ च्या जमीन हक्क कायद्यात गावसमाजाची परंपरागत मालकी कागद नसतानाही मान्य केली. त्याहून मला मोलाची वाटते ती दुसरी तरतूद: गावसमाजात कोण, हे तिथे जमातीवरून ठरत नाही. जन्माने आलेला, लग्न करून आलेली, बरीच वर्षं राहिलेला, सगळे त्यात येतात, आणि जमिनीच्या समितीत पुरुष, स्त्रिया आणि तरुण यांना समान जागा आहेत. अंमलबजावणी रखडत चालली आहे, तिथेही पाम तेलाच्या कंपन्यांचे जुने करार मध्ये उभे आहेत. पण गंबेलात काठावरचा अनुआक, उन्हाळ्यात येणारा नुएर आणि चाळीस वर्षांपूर्वी आणून टाकलेला डोंगराळ शेतकरी यांना एकाच नोंदवहीत बसवायचं असेल, तर सुरुवात अशाच कायद्यापासून करावी लागेल, आणि तीही पुढचा भाडेपट्टा सहीला येण्याआधी.