उदबत्तीतला किरणोत्सर्ग

(दृश्य: देवघर. उदबत्तीचं लाल टोक, त्यातून निघणारा धूर.)

रोजची पूजा, तिन्हीसांजेचा दिवा, गणपतीचे दहा दिवस. उदबत्ती आपल्याकडे लागतेच. तिच्यात किरणोत्सारी द्रव्यं असतात म्हटलं की दचकायला होतं. पण ती कोणी मिसळत नाही, ती मातीतूनच येतात.

बांबूची काडी, कोळशाची आणि लाकडाची पूड, चिकटपणासाठी जिगट, म्हणजे झाडाच्या सालीची चिकट पूड. बहुतेक माल झाडाचाच. झाड मातीतून पोटॅशियम शोषतं आणि कुठल्याही पोटॅशियमच्या दहा हजार अणूंत साधारण एक अणू किरणोत्सारी पोटॅशियम-४०चा असतो. शिवाय जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघतो. हवेत त्याचं विघटन होऊन शिसं-२१० आणि पोलोनियम-२१० तयार होतं. तेही किरणोत्सारीच, आणि ते पानांवर येऊन बसतं.

(दृश्य: प्रयोगशाळा. खलात कुटलेल्या उदबत्त्या, हवाबंद डबी.)

मोजणीला घाई चालत नाही. कुटलेली पूड वाळवून डबीत बंद करतात आणि जवळपास महिनाभर तशीच ठेवतात, म्हणजे पुडीत असलेल्या रेडियम या किरणोत्सारी धातूपासून सुटणारा रेडॉन आत साठून समतोलाला येतो, जितका नवा तयार होतो तितकाच विघटित होतो. मग ती डबी शिशाच्या जाड भिंतींआड, द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेल्या जर्मेनियम डिटेक्टरवर जाते. तो निघणाऱ्या किरणांची ऊर्जा मोजतो. आलेखात १४६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (किरणांच्या ऊर्जेचं एकक) इथे शिखर उठलं, की ते पोटॅशियम-४०.

त्याला घाबरायचं कारण नाही. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३० अणू फुटतात. प्रौढ माणसाच्या अंगातच साधारण १४० ग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे सेकंदाला चार हजारांहून जास्त. ग्रॅमभराच्या काडीची त्यापुढे काय कथा! आणि जळल्यावर पोटॅशियम बरंचसं राखेतच राहतं.

पोलोनियम मात्र राखेत थांबत नाही. उष्णतेने ते उडतं, धुराच्या कणांना चिकटतं आणि श्वासावाटे फुप्फुसात शिरतं. तंबाखूच्या धुरात ते १९६४ सालीच सापडलं होतं. उदबत्तीत त्याची मात्रा अगदी थोडी असते, पण ज्या धुरावर बसून ते आत जातं, तो धूर थोडा नसतो.

(दृश्य: खिडक्या बंद असलेली खोली. धुराचा थर.)

खरी काळजी याच धुराची आहे. त्यात अतिसूक्ष्म कण असतात, बेंझीन असतं, फॉर्मल्डिहाइड असतं. सिंगापूरमध्ये ६१ हजारांहून अधिक चिनी वंशाच्या लोकांची बारा वर्षांपर्यंत पाहणी झाली. २००८ साली तिचे निष्कर्ष आले: दीर्घकाळ उदबत्ती वापरणाऱ्यांत श्वसनमार्गाच्या स्क्वॅमस (चपट्या) पेशींच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला. त्यात किरणोत्साराचा वाटा वेगळा काढलेला नाही, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारणं आम्हाला पटत नाही.

बंद, तळमजल्यावरच्या खोलीत जमिनीतून येणारा रेडॉनही साचतो. धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते मोठं कारण. खिडकी उघडली की धूर आणि रेडॉन दोन्ही बाहेर जातात. जुडगेच्या जुडगे पेटवण्याऐवजी एकच काडी लावा. राख झटकू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या. घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल, तर उदबत्ती गॅलरीत लावा.