पावसानं ओढ दिली की जोंधळा काय करतो? वैरण कापण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी. अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या कोरडवाहू रानात ऐन पावसाळ्यात पंधरा-वीस दिवस थेंब नाही पडला, की जोंधळ्याचं पान भरदुपारी सुरळी करून उभं राहतं. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण थांबा, पीक अजून हातचं गेलेलं नाही.

हे पान जवळून बघा. वरच्या अंगाला, मधल्या शिरेलगत फुगीर पेशी असतात. त्यांतलं पाणी उतरलं की त्या चपतात आणि पान आत वळतं. ऊन-वारा कमी लागतो, पाणी कमी उडतं. आता ताटावर अंगठा फिरवा. ही पांढरी भुकटी मेणाची आहे, तीही पाणी राखायलाच.

खरं काम आत चाललेलं असतं. पाण्याची टंचाई जाणवली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. त्याच्या इशाऱ्यानं रंध्रांच्या, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांच्या, दोन्ही कडांच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, मागोमाग पाणी जातं, पेशी ढिल्या पडून रंध्र मिटतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साईडही आत येत नाही, म्हणजे अन्न तयार होणं मंदावतं. जोंधळा थोडक्या कार्बन डायऑक्साईडवर भागवू शकतो. भाताला ते जमत नाही, म्हणून खानापूरकडचं भात अशा ओढीत आधी मान टाकतं.

त्यामुळे दुपारी गुंडाळलेलं पान बघून घाबरू नका. सकाळी लवकर रानात जा. रात्रीतून पान उलगडलं असेल तर झाड तग धरून आहे. सकाळीही सुरळीच असेल, तर मात्र पाण्याची सोय असल्यास त्याच दिवशी द्या.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला, ते नीट ऐका. ओढ बसलेला कोवळा जोंधळा जनावराचा जीव घेऊ शकतो. आपण म्हणतो ना, किरळ लागली, तेच हे. जोंधळ्याच्या पानात धुरीन नावाचं द्रव्य असतं आणि ते फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळ्या पेशींत असतं. जनावरानं पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल हे विष सुटतं. मग रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. वाढ खुंटलेल्या रोपात धुरीन जास्त साठतं. युरिया भरपूर टाकला असेल तर आणखी.

सगळ्यात फसवं असतं ते ओढीनंतरचं हिरवंगार कडवळ. पाऊस पडतो, बुडातून लुसलुशीत फुटवे येतात, वैरणीची चणचण असते आणि विळा तिकडेच जातो. त्या फुटव्यांत विष भरपूर असतं. गुडघ्याएवढं, खुरटलेलं पीक कापू नका, उपाशी जनावर त्यात सोडू नका. फुलोऱ्यावर आलेल्या पिकात धोका बराच कमी. चांगला वाळलेला कडबाही चालतो, कारण वाळताना हे विष बरंचसं उडून जातं.

चरताचरता जनावर धापा टाकायला लागलं, तोंडाला फेस आला, अडखळून पडलं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. पुढची वैरण काढून घ्या आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून आधी हेच सांगा की कोवळा जोंधळा खाल्लाय. यावर सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन आहे, पण ते मिनिटांत मिळावं लागतं.