उष्णकटिबंधातली सुट्टी आणि सोबतची पुस्तकं

मंडळी, हिवाळ्याच्या सुट्टीत सहकुटुंब उष्णकटिबंधातल्या एखाद्या किनाऱ्यावर जायचं आणि मनसोक्त वाचायचं, हा बेत आखणारे पुष्कळ, तडीला नेणारे थोडे. एकतर पुस्तकं न उघडता परत येतात, नाहीतर येतात ती फुगून, कव्हरं वळून आणि कुबट वास घेऊन. दोन्हीची कारणं ठरलेली आहेत आणि दोन्ही टाळता येतात.

आधी पुस्तकं निवडायला बसू नका, तास मोजायला बसा. विषुववृत्तावर दिवस वर्षभर साधारण बारा तासांचा असतो; पंधरा अक्षांशांवर डिसेंबरातही तो अकरा तासांच्या वरच राहतो. पण सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. थंड प्रदेशातली लांबलचक कातरवेळ इथे मिळत नाही. सूर्यास्तानंतरचं सगळं वाचन दिव्यावर, हे गृहीत धरा. सकाळ समुद्राची. अकरा ते तीन या वेळात अतिनील निर्देशांक (उन्हातल्या त्वचा भाजणाऱ्या किरणांचं माप) अकराच्या वर जाणं तिथे नेहमीचंच, तेव्हा मुलांना उन्हात ठेवू नये. हीच वाचनाची मोठी खिडकी. त्यातून जेवण, आंघोळ, धाकट्याची झोप वजा केली की दीड तास उरतो. रात्री मुलं झोपल्यावर आणखी एक, कारण पाण्यात खेळून मोठी माणसंही नऊला पेंगतात.

म्हणजे दिवसाला अडीच तास. दहा दिवसांच्या सुट्टीत जायचा-यायचा दिवस सोडला तर आठ दिवस, वीस तास. सलग वाचनात तासाला तीसेक पानं धरली तर सहाशे पानं. एका मोठ्या माणसाला तीनशे पानांची दोन पुस्तकं पुरतात, प्रवासासाठी एक हलकं जास्तीचं. तुमचा वेग वेगळा असेल. घरी घड्याळ लावून अर्धा तास वाचा आणि पानं मोजा. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर हा आकडा निम्मा करा, उगाच मनाला लावून घेऊ नका.

आता एक नियम, ज्यात सूट नाही. मूल पाण्यात असताना पहाऱ्यावरच्या माणसाच्या हातात पुस्तक नको, फोन तर नकोच. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवत नाही, गुपचूप खाली जातं. पाळ्या लावा: अर्धा तास एकाने फक्त पाण्याकडे बघायचं, अर्धा तास दुसऱ्याने. ज्याची पाळी नाही त्याने खुशाल समुद्राकडे पाठ करून बसावं. वाचायलाही तेच सोयीचं, कारण चमकतं पाणी आणि पांढरी वाळू नजरेसमोर असली की डोळा त्या उजेडाला जुळतो आणि सावलीतलं पान काळवंडलेलं दिसतं. भर उन्हात तर एक लाख लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) घरात प्रकाश असतो. दिव्याखाली आपण तीनशे ते पाचशे लक्सवर आरामात वाचतो. त्या उन्हात पान डोळ्यांवर येतं. दाट झाडाखाली किंवा खोल व्हरांड्यात बसा. वाळूतल्या छत्रीखाली सावली मिळते खरी, पण आकाशातून आणि वाळूवरून परतून येणारे अतिनील किरण तिथेही पोचतात, त्यामुळे छत्रीखालीसुद्धा सनस्क्रीन लागतंच.

पुस्तकं कोणती, हा प्रश्न हमखास येतो. लेखकांची यादी मी देणार नाही, पण काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. पहिल्या दोन दिवसांसाठी असं पुस्तक घ्या की पहिल्या पानालाच पकड घेईल. प्रवासाचा शीण आणि वेळेच्या पट्ट्यांचा गोंधळ अंगात असताना संथ सुरुवातीची कादंबरी पुढे सरकत नाही. लहान मुलांच्या आईबाबांनी कथासंग्रह, पत्रं, प्रवासवर्णनं घ्यावीत: वीस मिनिटांत एक तुकडा संपतो आणि हाक आली तर धागा तुटत नाही. वर्षभर उशाशी धूळ खात पडलेला, ‘वाचायलाच हवा’ असा ग्रंथ सुट्टीत नेऊ नका. जो घरी वाचून झाला नाही तो घामेजल्या दुपारी वाचून होणार नाही. आणि एक पुस्तक दोघांनी वाचायचं ठरवून न्या. एकाचं संपलं की दुसऱ्याने घ्यायचं; वजन वाचतं आणि रात्री बोलायला विषय मिळतो.

एक पुस्तक मात्र जागेचं हवं. तिथल्या पक्ष्यांचं, प्रवाळाचं, शंखशिंपल्यांचं किंवा आकाशाचं ओळखपुस्तक. हे तासांच्या हिशेबात धरायचं नाही, ते हातात घेऊन हिंडायचं. जानेवारीत दहा-पंधरा अंश उत्तरेला असाल तर रात्री दहाच्या सुमारास मृग नक्षत्र डोक्याजवळ असतं, व्याध त्याच्या आग्नेयेला आणि त्याच्या खाली दक्षिणेला अगस्त्य. त्रिशंकू हा दक्षिणेकडचा तारकासमूह बघायचा तर पहाटे उठावं लागतं. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितका तुमचा अक्षांश. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची. बारा अंशांवर ध्रुव मुठीच्या जरा वर दिसतो, हे मुलांनी स्वतः मोजलं की भूगोलाचा एक धडा वाचायची गरज उरत नाही. भरतीचंही तसंच. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये बारा तास पंचवीस मिनिटं असतात, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पन्नासेक मिनिटं उशिरा येते. खुर्ची कुठे ठेवायची तेही त्यावरच ठरतं. शिंपल्यांची चित्रं वहीत काढा, पण दगडी प्रवाळ आणि महाकाय शिंपले घेऊन निघू नका. ते साइट्स करारात (धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) आहेत, परवान्याशिवाय सीमेवर जप्त होतात.

ठिकाण ठरवताना गोलार्ध बघा. डिसेंबर ते मार्च हा उत्तर गोलार्धातल्या उष्णकटिबंधात बहुतेक ठिकाणी कोरडा काळ, पण ईशान्य मोसमी वाऱ्यांसमोरच्या काही पूर्व किनाऱ्यांवर डिसेंबरात धो धो पाऊस असतो. दक्षिणेत नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. पावसात वाचनाचे तास दुप्पट होतात, म्हणून पुस्तकंही दुप्पट लागतात आणि दमटपणाची काळजीही.

आता या दमटपणाकडे येऊ, कारण पुस्तकांची खरी वाट तिथे लागते. कागद हवेतलं पाणी शोषतो आणि फुगतो. पेपरबॅकच्या कव्हरला बाहेरून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. तो फुगत नाही, आतला कागद फुगतो. म्हणून कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं. हा दोष छपाईचा नाही. कोरड्या हवेत वजनाखाली ठेवलं की बरंचसं सरळ होतं. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की मात्र बुरशी धरते, आणि तिथे रात्रीची हवा सहज ८० च्या वर असते.

वातानुकूलित खोली हे उत्तर वाटतं, पण त्यात मेख आहे. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो) सुमारे २६ अंश. खोली २२ अंशांवर. म्हणजे खोलीतून थेट बाहेर आणलेल्या प्रत्येक वस्तूवर दव धरणार: चष्मा, कॅमेरा, ई-रीडर, पुस्तकाचं गुळगुळीत कव्हर. बाहेर न्यायच्या अर्धा तास आधी पुस्तक झिपच्या पिशवीत बंद करा आणि पिशवीसकट बाहेर ठेवा. दव पिशवीवर धरेल, आतली वस्तू कोमट झाली की उघडा. दुसरी चूक म्हणजे एसी चालू ठेवून बाल्कनीचं दार उघडं टाकणं; गार भिंतींना घाम येतो आणि त्यांना टेकलेली पुस्तकं तो पितात. तिसरी, कपाटात पुस्तकं कोंबणं. न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेल्या बंद कपाटात हवा हलत नाही, शिवाय कसर आणि झुरळं तिथेच असतात आणि बांधणीतली खळ त्यांना आवडते. पुस्तकं उघड्या टेबलावर, उभी, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात उपयोगी पडतात. उघड्या पिशवीत टाकणं म्हणजे चमच्याने समुद्र उपसणं.

बांधणी बघून घ्या. बहुतेक पेपरबॅकचा कणा गरम करून लावलेल्या डिंकाने चिकटवलेला असतो, आणि उन्हात उभ्या गाडीत तापमान ६० अंशांच्या वर गेलं की हा डिंक मऊ पडतो. मग पुस्तक उलटं मोडून धरलं की पानांचे गठ्ठे सुटतात. गाडीत पुस्तक ठेवायचं नाही, राहिलंच तर गार झाल्यावर उघडायचं. दोऱ्याने शिवलेल्या पुस्तकाला हा त्रास नाही, पण ते जड असतं.

आणि पुस्तक पाण्यात पडलं तर? समुद्रात पडलं असेल तर मिटलेलं, दोन्ही हातांनी दाबून धरून गोड्या पाण्यात बुडवा आणि मीठ जाऊ द्या. मीठ राहिलं तर कागद कायम ओल ओढत राहतो. पानं उलटून बघायचा मोह टाळा, ओला कागद हाताला फाटतो. पाणी निथळू द्या. ठिबकत असेल तर आडवं ठेवून दर पंधरा-वीस पानांमध्ये टिपकागद किंवा साधे कागदी रुमाल घाला आणि ओले झाले की बदला. कण्यात फार कोंबू नका, तो फाकतो. नुसतं ओलसर राहिलं की उभं करा, पानं किंचित पसरा आणि पंखा खोलीत फिरता ठेवा, थेट पुस्तकावर नाही. ऊन आणि केस वाळवायचं यंत्र दोन्ही वर्ज्य: कागद वेडावाकडा आकसतो. जवळजवळ वाळलं की वजनाखाली. हे सगळं ४८ तासांत व्हायला हवं, त्यानंतर बुरशी आलीच समजा. वेळ नसेल तर पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात टाका. गोठलेल्या पुस्तकावर बुरशी वाढत नाही, वाळवणं पुढे ढकलता येतं.

चकचकीत कागदाची पुस्तकं या बाबतीत सगळ्यांत नाजूक. त्या कागदावर चिनीमातीचा लेप असतो. ओला झाला की तो गोंदासारखा होतो आणि मिटलेलं पुस्तक वाळलं की त्याची वीट बनते. पान न पान वेगळं करून मध्ये कागद घाला, नाहीतर लगेच गोठवा. मुलांची चित्रपुस्तकं बहुतेक याच कागदावरची. म्हणून समुद्रावर जाड पुठ्ठ्याची न्या आणि चकचकीत खोलीत ठेवा. मोठ्या मुलांसाठी एकच जाडसं पुस्तक घेऊन रोज रात्री मोठ्याने वाचावं हे उत्तम. मोठ्याने वाचताना मिनिटाला दीडशे शब्दांच्या आसपास वेग पडतो; वीस मिनिटांत तीन हजार शब्द, म्हणजे एक प्रकरण. नऊ रात्रींत सत्तावीस हजार. त्या लांबीचं पुस्तक निवडा म्हणजे शेवट परतीच्या विमानात राहत नाही.

सनस्क्रीनचे तेलकट डाग कागदावरून जात नाहीत. लावल्यावर दहा मिनिटं थांबा, हात पुसा, मग पुस्तक. डीट हे रसायन असलेलं डास-निवारक त्याहून वाईट: ते काही प्रकारचं प्लॅस्टिक विरघळवतं. कव्हरावरचा पापुद्रा, चष्म्याची काडी, ई-रीडरची कड, सगळं चिकट होऊ शकतं.

ई-रीडर बहुतेकांनी न्यावाच. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, उलट तीनशे पानांचं एकेक पेपरबॅकच तेवढं किंवा जास्त भरतं. त्याचा ई-इंकचा, कागदासारखा पडदा उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतो, आणि पोलराइज्ड (चकाकी कापणारा) गॉगल घातला तरी दिसतो. फोनचा पडदा त्याच गॉगलमधून एखाद्या कोनात काळा पडतो. मर्यादा उष्णतेची. अशा यंत्रांना वापरासाठी साधारण ३५ अंशांपर्यंतची हवा चालते. उन्हात पालथं पडलेलं काळं यंत्र त्याच्या कितीतरी वर जातं. पाण्याला टिकतं म्हणजे किती टिकतं तेही वाचा: किंडल पेपरव्हाइट या ई-रीडरच्या अलीकडच्या मॉडेलांचा दावा गोड्या पाण्यात दोन मीटरवर तासाभराचा आहे, समुद्राच्या पाण्यात पाव मीटरवर तीन मिनिटांचा. खारं पाणी लागलं की गोड्या पाण्याने धुवा आणि चार्जिंगचं भोक पूर्ण वाळेपर्यंत तार लावू नका. पुस्तकं घरूनच उतरवून घ्या आणि विमान मोडमध्ये उघडून बघा. नुसतं मुखपृष्ठ दिसलं म्हणजे पुस्तक उतरलं असं नाही. पॉवर बँक हातातल्या सामानात, १०० वॅट-तासांपर्यंत. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॅट-तास, चालतं.

रात्री व्हरांड्यात वाचायचं तर दिवा मंद, पिवळसर हवा. पांढऱ्या-निळसर दिव्यावर किडे तुटून पडतात. पानाला चिकटवायचा छोटा दिवा कपाळावरच्या दिव्यापेक्षा बरा, कारण किडे तोंडावर न येता पानावर येतात.

निघायच्या आदल्या दिवशी एसी चालू, दारं बंद, आणि पुस्तकं पानं पसरून टेबलावर उभी. वाळू मऊ ब्रशने कण्याकडून बाहेर झटका. बोटाने पुसली तर ती कागद घासते. ओले पोहण्याचे कपडे आणि पुस्तकं एका बॅगेत कधीच नाहीत. घरी पोचल्यावर ती लगेच बाकीच्या पुस्तकांत मिसळू नका. दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा, मधूनमधून कणा आणि कव्हराची आतली बाजू बघा. करडे किंवा हिरवट ठिपके दिसले तर घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, कोरड्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलेत तर बुरशी आणखी आत जाते.