सैनिकी शारीरिक चाचणीचे गुण आणि मोबाइलमधला तक्ता

मित्रहो,

आजचा विषय ऐकून काहींना वाटले असेल की एवढ्याशा गोष्टीवर व्याख्यान कशाला? मोबाइलवर ॲप उघडायचे, वय टाकायचे, पुश-अपची संख्या आणि धावण्याची वेळ भरायची, बटण दाबले की गुण समोर येतात. वापरणाऱ्याच्या दृष्टीने काम खरोखरच एवढेच आहे. परंतु हे गुण येतात कुठून, हे ज्याला ठाऊक नाही त्याला ॲपने चुकीचे उत्तर दिले तरी ते कळत नाही. अशा ॲपच्या पोटात गणिताचे एखादे सुरेख सूत्र असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात तिथे एक तक्ता असतो आणि तो तक्ता म्हणजे लष्कराने एका विशिष्ट तारखेला घेतलेला निर्णय असतो.

उदाहरणासाठी मी मुख्यतः अमेरिकी भूदलाची चाचणी घेणार आहे. अशी ॲप त्या सैनिकांसाठी फार मोठ्या संख्येने तयार झाली, कारण तिथल्या गुणांचा हिशेब बऱ्यापैकी किचकट आहे आणि गेल्या काही वर्षांत तो पुन्हा पुन्हा बदलला आहे. शिवाय तिथे हे गुण फक्त भरतीपुरते नसतात. सैनिकाच्या पदोन्नतीच्या गुणांतही शारीरिक चाचणीची भर पडते, त्यामुळे एकेका गुणासाठी माणूस हिशेब करत बसतो.

जुनी चाचणी 1980 पासून सुमारे चाळीस वर्षे चालली. तिच्यात तीनच प्रकार होते : दोन मिनिटांत पुश-अप, दोन मिनिटांत सिट-अप आणि दोन मैल, म्हणजे सुमारे 3.2 किलोमीटर धावणे. प्रत्येकाला कमाल 100 गुण, एकूण 300, आणि प्रत्येक प्रकारात किमान 60 आवश्यक. 17 ते 21 वयोगटातल्या पुरुषाला 42 पुश-अपना 60 गुण मिळत आणि 71 पुश-अपना 100. सिट-अपचे हेच आकडे 53 आणि 78. धावण्यात 15 मिनिटे 54 सेकंदांना 60 गुण आणि 13 मिनिटांना 100. त्याच वयाच्या स्त्रीला 19 पुश-अपवर 60 आणि 42 पुश-अपवर 100 गुण असत. सिट-अपचा तक्ता मात्र दोघांना एकच होता.

आता त्याहून मोठा एक वयोगट पाहा. 27 ते 31 वर्षांच्या पुरुषाला उत्तीर्ण होण्यासाठी 39 पुश-अप पुरत, म्हणजे किमान अपेक्षा खाली आली. पण 100 गुणांसाठी त्याला 77 काढावे लागत, 17 ते 21 वयाच्या पोरापेक्षा सहा अधिक! वय वाढले की सगळेच आकडे सैल होतात, असे गृहीत धरून कोणी ॲप लिहिले तर ते इथेच आपटते. म्हणून असा गणक तयार करणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे असते की डोके चालवू नका. प्रत्येक वयोगटाचा रकाना जसाच्या तसा उतरवून घ्या आणि दोघांनी मिळून तपासा.

दुसरा फसवा भाग दोन नोंदींच्या मधल्या कामगिरीचा. जुन्या चाचणीतला धावण्याचा तक्ता सहा-सहा सेकंदांच्या पायऱ्यांनी जात असे. 13 मिनिटे 54 सेकंदांची नोंद होती, त्यानंतर थेट 14 मिनिटांची. मग 13 मिनिटे 55 सेकंदांत धावणाऱ्याचे काय करायचे? नियम स्पष्ट होता : कामगिरी दोन नोंदींच्या मध्ये पडली तर कमी गुणांची नोंद धरायची. म्हणजे 13:55 वाल्याला 14:00 चेच गुण. शाळेत शिकलेल्या त्रैराशिकाच्या सवयीने जो प्रोग्रॅमर मधल्या सेकंदांना मधले गुण वाटतो, किंवा अपूर्णांक आला की जवळच्या पूर्णांकाकडे वळवतो, त्याचे ॲप सैनिकाला त्याच्या हक्काचा नसलेला एखादा गुण देऊन मोकळे होते. हा एक गुण मैदानावरच्या कागदावर येत नाही आणि मग सैनिकाला वाटते की परीक्षकाने अन्याय केला.

वेळ भरण्याची पद्धत याहून घातक आहे. 15 मिनिटे 54 सेकंद ही वेळ कोणी 15.54 अशी टाइप केली आणि ॲपने ती दशांश मिनिटे म्हणून वाचली, तर तिचे होतात सुमारे 932 सेकंद. खरे सेकंद आहेत 954. जवळजवळ बावीस सेकंदांची सूट फुकटात मिळाली. चांगल्या ॲपमध्ये मिनिटांचा आणि सेकंदांचा रकाना वेगळा असतो, आत सगळा हिशेब सेकंदांत होतो, आणि सेकंदांच्या जागी 60 किंवा त्याहून मोठा आकडा भरू दिला जात नाही. ॲप पारखायची ही माझी पहिली कसोटी आहे.

त्यानंतर उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा निकाल. जुन्या चाचणीत 100, 100 आणि 58 असे गुण मिळवणारा सैनिक एकूण 258 गुण मिळवूनही नापास होत असे, आणि तीनदा 60 मिळवणारा 180 वर पास. ठळक अक्षरांत फक्त बेरीज दाखवणारे ॲप म्हणूनच अर्धवट असते.

आता बदलांकडे वळू. नव्या सहा प्रकारांच्या चाचणीचा जो मूळ आराखडा आला त्यात डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचे वजन उचलून उभे राहणे, होती, दहा पौंडांचा चेंडू पाठीमागे फेकणे होते, हात जमिनीवरून उचलून काढायचे पुश-अप होते, धावणे-ओढणे-वाहून नेणे यांची एकत्र शर्यत होती, लोंबकळून गुडघे कोपरांपर्यंत आणणे होते आणि शेवटी दोन मैलांची धाव होती. तक्ता सर्वांना एकच : वयाचा विचार नाही, स्त्री-पुरुष भेद नाही, किमान गुण मात्र सैनिकाच्या कामाच्या कष्टानुसार 60, 65 किंवा 70. त्यावर पुष्कळ वाद झाला, अमेरिकी संसदेने स्वतंत्र अभ्यासाची अट घातली आणि 2022 च्या मार्चमध्ये चित्र उलटे झाले. गुडघे वर घेण्याच्या जागी प्लँक, म्हणजे कोपरांवर शरीर सरळ ताणून धरणे, आला आणि तक्ते पुन्हा वय व लिंग यांनुसार विभागले गेले. मग 1 जून 2025 पासून चेंडूफेकही गेली, पाच प्रकार उरले आणि एकूण गुण 500 झाले.

ॲप लिहिणाऱ्याच्या नजरेतून हा इतिहास पाहिला तर गंमत वाटते. पहिल्या आराखड्याचे ॲप विचारत होते, 'तुमचे काम कोणते?' 2022 चे ॲप विचारत होते, 'तुमचे वय किती, तुम्ही पुरुष की स्त्री?' आणि 2025 च्या ॲपला हे तिन्ही प्रश्न विचारावे लागतात. कारण आता प्रत्यक्ष लढाईशी संबंधित 21 कामांसाठी वेगळा निकष आहे. सर्वसाधारण निकषात पाचही प्रकारांत 60 मिळाले की 300 आपोआप होतात, बेरीज वेगळी तपासावी लागत नाही. लढाऊ निकषात मात्र प्रत्येकी 60 तर हवेतच, शिवाय बेरीज 350 हवी, आणि स्त्रियांनाही त्या वयाच्या पुरुषांचाच तक्ता लागू होतो. पाच वेळा 60 मिळवणारा सैनिक एका निकषाने पास आणि दुसऱ्याने नापास. जुन्या ॲपमध्ये फक्त आकडे बदलून हे जमत नाही, त्याची बांधणीच बदलावी लागते. तक्ता कोणत्या तारखेचा आहे हे जे ॲप पडद्यावर दाखवत नाही, ते गेल्या वर्षीच्या रेल्वे वेळापत्रकाइतकेच कामाचे.

ॲपला जे मुळीच कळत नाही तेही सांगितले पाहिजे. नव्या पुश-अपमध्ये छाती जमिनीला टेकल्यावर दोन्ही हात बाजूला ताणून परत आणावे लागतात. शरीर वाकले किंवा हात पूर्ण ताणले गेले नाहीत, तर परीक्षक तो पुश-अप मोजत नाही. घरी स्वतःच्या तोंडाने मोजलेला आकडा ॲपमध्ये भरून आलेले गुण म्हणूनच बहुधा फुगलेले असतात. अधिकृत गुण परीक्षक छापील नमुन्यावर लिहितो, तेच नोंदीत जातात. मोबाइलवरच्या आकड्याला तिथे काही किंमत नाही.

मग ॲपचा उपयोग काय? माझ्या मते खरा उपयोग उलट्या दिशेने आहे : पुढचा गुण कुठे स्वस्त आहे हे शोधण्यासाठी. जुन्या चाचणीतले 17 ते 21 वयाचेच आकडे घ्या. 42 पासून 71 पर्यंत 29 पुश-अपमध्ये 40 गुण, म्हणजे एका पुश-अपमागे सरासरी सुमारे 1.4 गुण. सिट-अपमध्ये 25 वर 40, म्हणजे एकामागे 1.6. धावण्यात 174 सेकंदांवर 40, म्हणजे सुमारे साडेचार सेकंद कमी केले की एक गुण. आता ज्याचे पुश-अप महिनाभर एकाच आकड्यावर अडले आहेत पण दम चांगला आहे, त्याने सकाळचा वेळ कशावर घालवावा, हे त्याला पडद्यावर आकडे खालीवर करून पाहता येते.

एक सूचना ओघात करतो. असा गणक चालायला ना इंटरनेट लागते, ना तुमचे स्थान, ना फोनमधली नावे. 2018 च्या जानेवारीत धावण्याची नोंद ठेवणाऱ्या 'स्ट्राव्हा' ॲपच्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या फेऱ्यांमुळे लष्करी तळांच्या रेषा उमटलेल्या दिसल्या होत्या, आणि 2020 मध्ये आपल्या भूदलाने जवानांना 89 ॲप काढून टाकायला सांगितले होते. गुण मोजण्यासाठी स्थानाची परवानगी मागणारे ॲप ठेवूच नका.

शेवटी आपल्याकडच्या भरतीविषयी, कारण समोर बसलेल्यांपैकी अनेकांचा जीव त्यातच अडकला आहे. आपल्या सैन्यभरतीत वर्षानुवर्षे वापरलेला तक्ता इतका लहान आहे की त्यासाठी ॲपची गरजच नाही, तो तळहातावर लिहिता येतो. 1.6 किलोमीटर धाव साडेपाच मिनिटांत पूर्ण केली तर 60 गुण. 5:31 ते 5:45 मध्ये 48. बीमवर, म्हणजे आडव्या दांड्यावर, दहा पुल-अपना 40, नऊला 33, आठला 27, सातला 21, सहाला 16. नऊ फुटी खड्डा ओलांडणे आणि झिगझॅग तोल, म्हणजे नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणे, यांना गुण नाहीत, ते फक्त पार करायचे. अमेरिकेच्या तक्त्यात गुण हळूहळू उतरतात. इथे 5:30 आणि 5:31 यांच्यामध्ये कडा आहे. त्या एका सेकंदाची किंमत 12 गुण, म्हणजे बीमवरच्या शेवटच्या दोन पुल-अपच्या 13 गुणांच्या जवळपास. बीमवरही प्रत्येक पुल-अपचे मोल सारखे नाही : सहावरून सातवर गेले की पाच गुण वाढतात, नवावरून दहावर गेले की सात.

म्हणून इथे गुणांचा गणक बाजूला राहिला तरी चालेल, अंतर आणि वेळ नेमकी मोजा. फोनमधले जीपीएस मैदानाच्या वळणांवर अंतर कमीजास्त दाखवते, तेव्हा सराव मोजलेल्या 400 मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्यांचाच करा. आणि धावण्याच्या ॲपमध्ये 'एक मैल' असे लक्ष्य तयार मिळते, ते निवडू नका. मैल 1609 मीटरचा असतो. साडेपाच मिनिटांच्या वेगाने त्या जादा नऊ मीटरांना जवळजवळ दोन सेकंद लागतात. मैलावर 5:31 दाखवणारा मुलगा 1600 मीटरवर 5:30 च्या आत आलेला असतो, आणि स्वतःला 48 गुणांच्या गटात समजून बसलेला असतो.