दर्जा कॅबिनेटचा, खुर्ची निगमाची

(दृश्य : हलगा येथील सुवर्ण विधानसौध, अधिवेशनाचा दिवस, आवारात शिरणारी सरकारी वाहने)

बेळगावजवळच्या हलगा येथील सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले आणि तेव्हापासून बहुतेक वर्षी डिसेंबरच्या सुमारास कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन येथे भरते. त्या दिवसांत शहरातील विश्रामगृहे भरून जातात, रस्त्यांवर बंदोबस्त लागतो आणि सरकारी गाड्यांची ये-जा वाढते. या गाड्यांतून उतरणाऱ्या सगळ्यांनीच मंत्रिपदाची शपथ घेतलेली असते असे नाही. त्यांपैकी काहीजण एखाद्या निगमाचे (म्हणजे सरकारी महामंडळाचे) किंवा मंडळाचे अध्यक्ष असतात, कोणी मुख्यमंत्र्यांचे सल्लागार असतात, कोणी सत्ताधारी पक्षाचे मुख्य प्रतोद, म्हणजे आमदारांना पक्षादेश बजावणारे, असतात. गाडी, चालक, स्वीय सहायक आणि भत्ते मात्र मंत्र्यासारखेच, कारण त्यांच्या पदाला ‘कॅबिनेट दर्जा’ दिलेला असतो. हा दर्जा कोण देते, कशाच्या आधारे देते आणि तो जातो कसा, हे पाहण्यासाठी हा लघुपट आहे.

(दृश्य : भारतीय संविधानाची प्रत, अनुच्छेद १६४)

दर्जांची ही मागणी वाढण्यामागे एक घटनादुरुस्ती आहे. २००३ मध्ये झालेली ९१वी घटनादुरुस्ती १ जानेवारी २००४ पासून लागू झाली आणि मुख्यमंत्र्यांसह राज्यातील एकूण मंत्री विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नयेत, मात्र ते १२ पेक्षा कमीही नसावेत, असे अनुच्छेद १६४ मध्ये नमूद झाले. कर्नाटक विधानसभेत २२४ जागा आहेत. त्यांचे १५ टक्के ३३.६ होतात आणि व्यवहारात ते ३४ धरले जातात. अपूर्णांक नेहमी सरकारच्या सोयीनेच पूर्ण होतो, हा भाग वेगळा. २७ मे २०२३ रोजी सिद्धरामय्या यांच्या मंत्रिमंडळाचा विस्तार झाला आणि ३४ जागा भरल्या. त्या निवडणुकीत बेळगाव जिल्ह्यातील १८ पैकी ११ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. मंत्रिपदे मिळाली दोन, सतीश जारकीहोळी आणि लक्ष्मी हेब्बाळकर यांना. उरलेल्या नऊ आमदारांचे काय करायचे, हा प्रश्न कोणत्याही मुख्यमंत्र्यासमोर उभा राहिलाच असता.

त्याचे उत्तर निगम-मंडळांत शोधले गेले. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने तीसहून अधिक आमदारांची निगम-मंडळांच्या अध्यक्षपदी नियुक्ती केली आणि त्यांतील बहुतेकांना कॅबिनेट दर्जा दिला. कागवाडचे आमदार राजू कागे यांच्याकडे हुबळीस्थित वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ आले. रामदुर्गचे अशोक पट्टण त्याआधीच विधानसभेतील सरकारचे मुख्य प्रतोद झाले होते. ही पद्धत एका पक्षाची नाही. निगम-मंडळांवरच्या नियुक्त्या आधीच्या सरकारांनीही अशाच केल्या होत्या, आणि शेजारच्या महाराष्ट्रात महामंडळांच्या अध्यक्षांना ‘मंत्रिपदाचा दर्जा’ देण्याची चाल जुनीच आहे.

(दृश्य : शासकीय आदेशाचा कागद, शिक्का, क्रमांक, तारीख)

या दर्जाचा उगम पाहू गेल्यास तीन वेगळे आधार दिसतात, आणि त्यांचे वजन सारखे नाही.

पहिला आधार कायद्याचा. संसदेतील विरोधी पक्षनेत्याचे वेतन व सुविधा १९७७ च्या स्वतंत्र कायद्याने ठरलेल्या आहेत. त्या पंतप्रधानांच्या मर्जीवर अवलंबून नाहीत. तरीही हा दर्जा सभापतींनी मान्यता दिल्याशिवाय मिळत नाही, आणि तेथे सभागृहाच्या एक दशांश सदस्यसंख्येचा संकेत आडवा येतो. बिदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यात जन्मलेले मल्लिकार्जुन खर्गे यांनी हे दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे. २०१४ मध्ये ५४३ जागांच्या लोकसभेत काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या आणि खर्गे पाच वर्षे पक्षाचे सभागृहातील नेते राहूनही विरोधी पक्षनेते होऊ शकले नाहीत. लोकपाल निवड समितीच्या बैठकीला त्यांना ‘विशेष निमंत्रित’ म्हणून बोलावण्यात आले, तेव्हा मत देण्याचा अधिकार नसलेल्या खुर्चीवर बसण्यास त्यांनी नकार दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेच खर्गे राज्यसभेतील विरोधी पक्षनेते झाले आणि त्याच १९७७ च्या कायद्याने त्यांना तो दर्जा मिळाला. माणूस तोच, पक्ष तोच. सभागृह आणि संख्या तेवढी बदलली.

दुसरा आधार राष्ट्रपती सचिवालयाने २६ जुलै १९७९ रोजी प्रसिद्ध केलेल्या अग्रक्रम सारणीचा. शासकीय समारंभात कोणी कोणाच्या आधी बसावे, हे ती ठरवते. केंद्रीय कॅबिनेट मंत्री, आपापल्या राज्यातील मुख्यमंत्री आणि संसदेतील विरोधी पक्षनेते सातव्या क्रमांकावर आहेत. सीमाभागातील प्रेक्षकांना या सारणीतील एक तरतूद विशेष वाटेल. राज्याचा कॅबिनेट मंत्री आपल्या राज्यात पंधराव्या क्रमांकावर असतो आणि राज्याबाहेर अठराव्या. मुख्यमंत्री राज्याबाहेर सातव्यावरून आठव्या क्रमांकावर जातात. म्हणजे निपाणी तालुक्यातील कोगनोळीचा नाका ओलांडून कागलच्या हद्दीत शिरताच कर्नाटकाचा मंत्री सारणीत तीन पायऱ्या उतरतो, आणि उलट दिशेने येणारा महाराष्ट्राचा मंत्रीही. ही सारणी फक्त शासकीय व औपचारिक समारंभांपुरती आहे, दैनंदिन शासकीय कामकाजाला ती लागू नाही, अशी टीप तिच्यातच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राचे सीमाप्रश्नासाठीचे समन्वयक मंत्री चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई यांचा बेळगाव दौरा कर्नाटकाच्या आक्षेपानंतर झाला नाही, तेव्हा मंत्र्याचा क्रमांक कितवा हा प्रश्न कोणी विचारलाही नव्हता.

(दृश्य : बेळगाव-कोल्हापूर महामार्ग, कोगनोळी)

तिसरा आधार सर्वांत वापरातला आणि सर्वांत हलका आहे, तो म्हणजे केवळ शासकीय आदेश. जून २०१९ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार अजित डोवाल यांच्या पदाला राज्यमंत्री दर्जाऐवजी कॅबिनेट दर्जा मिळाला तो आदेशानेच. त्यासाठी संसदेत विधेयक आणावे लागले नाही. निगमाच्या अध्यक्षाचा दर्जाही असाच येतो. अशा आदेशाने मंत्र्याच्या सुविधा मिळतात, पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत जागा मिळत नाही, खात्याच्या फाइलवर मंत्री म्हणून सही करता येत नाही आणि सभागृहात खात्याच्या वतीने उत्तर देण्याची जबाबदारीही येत नाही. या शेवटच्या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, आणि आमच्या मते तीच खरी अडचणीची आहे: खर्च मंत्र्याइतका आणि उत्तरदायित्व मात्र आमदाराएवढेच.

आदेशाने आलेला दर्जा आदेशाने जातो. मे २०२३ मध्ये राज्यात सत्तांतर झाले आणि आधीच्या सरकारने निगम-मंडळांवर केलेल्या नियुक्त्या नव्या सरकारने रद्द केल्या. कधी पदच नाहीसे होते. नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षांना कॅबिनेट दर्जा होता. १ जानेवारी २०१५ रोजी आयोगाच्या जागी नीती आयोग आला आणि दर्जा नव्या उपाध्यक्षपदाकडे गेला. कधी दर्जा मिळणारा स्वतःच तो नाकारतो. बी. एस. येडियुरप्पा यांनी जुलै २०२१ मध्ये मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर बसवराज बोम्मई सरकारने त्यांना कॅबिनेट दर्जाच्या सुविधा देण्याचा आदेश काढला. माजी मुख्यमंत्र्याला मिळतात तेवढ्याच सुविधा द्याव्यात, असे पत्र लिहून येडियुरप्पा यांनी त्या परत केल्या.

(दृश्य : चोर्ला घाट, गोव्याकडे जाणारा रस्ता)

न्यायालयात हा प्रश्न कसा पोहोचतो, हे पाहायला चोर्ला घाट उतरला की पुरे. गोवा विधानसभेत ४० जागा आहेत. १५ टक्क्यांनी मंत्री सहाच झाले असते, पण किमान मर्यादेमुळे ते १२ पर्यंत असू शकतात. तेथे मंत्र्यांच्या मदतीला संसदीय सचिव म्हणून नेमलेल्या आमदारांच्या नियुक्त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जानेवारी २००९ मध्ये रद्द ठरवल्या. पुढे जानेवारी २०२२ मध्ये गोवा सरकारने माजी मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांना पन्नास वर्षांच्या आमदारकीबद्दल आजीवन कॅबिनेट दर्जा दिला, तेव्हा बारांच्या मर्यादेवर हा तेरावा मंत्रीच झाला, असा मुद्दा याचिकेत मांडला गेला. संसदीय सचिवांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय जुलै २०१७ मध्ये आला आणि असे सचिव नेमण्यासाठी आसामने केलेला २००४ चा कायदा त्याने घटनाबाह्य ठरवला.

आमदाराला आणखी एक धोका असतो, तो लाभाच्या पदाचा. सरकारकडून लाभाचे पद घेतल्यास अनुच्छेद १९१ नुसार आमदारकी जाऊ शकते. उत्तर प्रदेश चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्षपदामुळे जया बच्चन यांचे राज्यसभा सदस्यत्व २००६ मध्ये गेले होते. यातून वाट काढण्यासाठी प्रत्येक राज्य सूट मिळालेल्या पदांची यादी करते. कर्नाटकात ती १९५६ च्या अपात्रता प्रतिबंधक कायद्याला जोडलेली आहे आणि वेळोवेळी तिच्यात भर पडली आहे. अर्थात, कोणत्या पदाला सूट द्यायची हे आमदारच ठरवतात.

दर्जाची दिसणारी खूण कमी झाली, हे मात्र खरे. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या वाहनांवरील लाल दिवे केंद्र सरकारने काढून टाकले.

(दृश्य : कागवाड बसस्थानक, मिरजेकडे निघालेली बस)

सीमाभागातील मराठी माणसासाठी या सगळ्याला एक व्यवहारी बाजू आहे. अनुच्छेद ३५०ब नुसार राष्ट्रपती भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमतात. त्यांचे अहवाल संसदेसमोर ठेवले जातात आणि त्यांच्या यंत्रणेचे एक विभागीय कार्यालय बेळगावात होते. पद थेट संविधानातून आलेले आहे, तरी त्याचा दर्जा कोणता याबद्दल संविधान काही सांगत नाही. दुसऱ्या बाजूला परिवहन महामंडळाचा अध्यक्ष आहे. एखाद्या खेड्याला सकाळची बस हवी असेल, तर त्याच्याकडे निवेदन देणे योग्यच आहे, कारण १९५० च्या रस्ते परिवहन महामंडळ कायद्याने स्थापन झालेल्या संचालक मंडळाचा तो प्रमुख असतो. त्या निवेदनावर निर्णय होतो तो अध्यक्ष म्हणून. कॅबिनेट दर्जाचा आदेश उद्या मागे घेतला, तरी बस सोडण्याचा अधिकार महामंडळाकडेच राहील. तीच बस मिरज किंवा कोल्हापुरापर्यंत न्यायची असेल, तर मोटार वाहन कायद्यानुसार दोन राज्यांमध्ये परस्पर करार व्हावा लागतो, आणि तो करार करण्याचे काम दोन्हीकडच्या परिवहन खात्यांचे, म्हणजे शपथ घेतलेल्या मंत्र्यांच्या हाताखालच्या खात्यांचे आहे.